नऊ वस्तू, सहा दिवस: घरातल्या फर्निचरचे फोनवर काढलेले फोटो

घर बदलायचं ठरलं तेव्हा नऊ वस्तू विकायला काढायच्या होत्या: तीन जणांचा गडद निळा सोफा, काचेचं टीपॉय, जेवणाचं टेबल आणि त्याच्या चार खुर्च्या, एक वेताची खुर्ची, पुस्तकांचं पांढरं कपाट, आरशाचा वॉर्डरोब, डबल बेड, लिहायचं टेबल आणि चार खणांचं लाकडी कपाट. जाहिरातीच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूला कमाल आठ फोटो टाकायची मुभा होती. फोन चार वर्षांपूर्वीचा, ट्रायपॉड नाही. काम एका संध्याकाळचं वाटलं होतं. गुरुवारी सुरू झालं आणि पुढच्या मंगळवारी दुपारी संपलं. त्यातला बराचसा वेळ फोटो काढण्यात गेलाच नाही, प्रकाशाची वाट बघण्यात गेला. वेगळा खर्च काही आला नाही. दोन पांढऱ्या चादरी, थर्माकोलचा एक पत्रा, मोजपट्टी, रबरबँड आणि कोरा पांढरा कागद एवढ्या सामानावर भागलं.

गुरुवार, संध्याकाळी साडेसात. खोलीतले सगळे दिवे लावून सुरुवात केली. जितका उजेड जास्त तितका फोटो चांगला, असं कोणालाही वाटेल. तासाभरात ६४ फोटो निघाले. रात्री मोठ्या स्क्रीनवर बघितले तर ठेवावा असा एकही नव्हता. मन खट्टू झालं, पण चुका कुठे झाल्या ते त्याच रात्री नीट बघून ठेवलं म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं.

पहिली चूक दिव्यांची. पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते आणि पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर). कॅमेरा एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश पांढरा धरतो. ट्यूबला पांढरं धरलं की बल्बकडची बाजू नारिंगी होते, बल्बला धरलं की ट्यूबकडची निळी. सोफ्याचा एक हात जांभळट आणि दुसरा तपकिरी दिसत होता तो यामुळेच. हे नंतर सुधारणं फार कटकटीचं असतं, कारण रंगाची पट्टी सरकवली की सगळाच फोटो तिकडे सरकतो. दुसरी चूक फ्लॅशची. फोनचा फ्लॅश लेन्सला खेटूनच असतो, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत पॉलिशवर एक पांढरा डाग पडतो आणि त्याखालचं लाकूड दिसतच नाही. तिसरी चूक छतावरच्या दिव्याची. प्रकाश वरून पडला की टेबलाचा माथा उजळतो आणि पाय सावलीत बुडतात. शिवाय संध्याकाळच्या दिव्यांचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी कॅमेऱ्याला कमीच असतो. मग फोन फोटोतले दाणे पुसायला जातो आणि त्यासोबत लाकडाच्या रेषाही पुसून टाकतो. खणांचं कपाट मेणाचं केल्यासारखं गुळगुळीत दिसत होतं.

काही फोटोंत आडवे फिकट पट्टेही होते. ते एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याचे. वीज ५० हर्ट्झची असेल तर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. डोळ्यांना ते कळत नाही, जलद शटरला (शटर म्हणजे कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो ते) कळतं. दिव्यातच काढणं भाग असेल तर प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची मापं हाताने ठरवता येतात त्या मोडमध्ये, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावं, आणि वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. आम्ही दिवेच बंद करायचं ठरवलं.

शुक्रवारी एकही वस्तू टिपली नाही, फक्त खोल्या बघितल्या. सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता प्रत्येक खोलीत एकाच जागी उभं राहून, दिवे बंद करून एकेक फोटो काढला आणि रात्री पाचही शेजारी शेजारी ठेवले. या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात उपयोगी काम हेच. कोणाला एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी. बाहेरच्या खोलीत ८ वाजता ऊन थेट जमिनीवर पडत होतं, त्यात उजळ पट्टे पांढरेफटक आणि सावल्या काळ्याठिक्कर. १० वाजता ऊन खिडकीतून निघून गेलं होतं आणि खोलीभर सारखा, मऊ उजेड होता. निजायच्या खोलीत हीच वेळ दुपारी २ नंतर येत होती. चांगला प्रकाश म्हणजे ऊन नव्हे. ऊन थेट येत नाही पण खिडकीतून मोठं आभाळ दिसतं, तो प्रकाश फर्निचरला मानवतो. ऊन टाळता येत नसेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा चादर लावली की तीच खिडकी मोठ्या मऊ दिव्याचं काम करते. ढगाळ दिवस मिळाला तर अर्धं काम आपोआप होतं.

रात्री फोनची तयारी. लेन्स मऊ सुती कापडाने पुसली. बोटाचा तेलकट ठसा असला की खिडकीभोवती धुकं दिसतं आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या मदतीच्या रेघा, चालू. फ्लॅश ‘ऑटो’वर नाही, पूर्ण बंद. फोटोचं प्रमाण ४:३, कारण बहुतेक फोनचा सेन्सर (लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग) त्याच प्रमाणाचा असतो आणि १६:९ निवडलं की वरखालचा भाग नुसता कापला जातो. फिल्टर बंद, आणि फोटोत ठिकाणाची नोंद होते तीही बंद. ही शेवटची गोष्ट विसरू नये: नोंद चालू असेल तर मूळ फाइलमध्ये घराचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात.

शनिवारी सकाळी ९ वाजता झाडपूस सुरू केली. धूळ डोळ्यांना दिसत नाही पण खिडकीचा प्रकाश बाजूने आला की गडद पॉलिशवर कण न् कण उठून दिसतो. आधी कोरडं कापड, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. सोफ्याच्या उशा थोपटून बसवल्या, वायरी आणि चार्जर उचलले. वस्तू भिंतीपासून ३० ते ४० सेंटीमीटर पुढे ओढली, म्हणजे मागची सावली भिंतीवर पसरते आणि वस्तूची कड सुटी दिसते. खिडकी बाजूला राहील अशी मांडणी केली. खिडकी पाठीमागे असेल तर वस्तू काळी पडते, आणि आपल्या पाठीशी असेल तर प्रकाश सपाट पडून लाकडाचा उठाव मरतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, थर्माकोलचा पत्रा उभा केला. सावलीतला पाय लगेच उजळला. त्या दिवशी अंगात राखाडी कपडे होते तेही ठरवूनच, कारण लाल किंवा पिवळ्या कपड्यांची झाक पॉलिशवर आणि पांढऱ्या पृष्ठभागावर उतरते.

पहिली वस्तू जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. गुरुवारच्या फोटोंत खुर्चीचे पुढचे पाय जाड आणि मागचे काड्यांसारखे दिसत होते. दोष लेन्सचा नव्हता, अंतराचा होता. ७० सेंटीमीटरवर उभं राहिलं की पुढचे पाय ७० वर आणि मागचे साधारण ११५ वर. म्हणजे पुढचे पाय मागच्यांपेक्षा दीडपटीहूनही मोठे दिसणार. २ मीटर मागे सरकलं तर तेच प्रमाण २०० ला २४५ होतं, फरक पाचव्या हिश्शाच्या आसपास राहतो आणि खुर्ची खुर्चीसारखी दिसते. मागे गेल्यावर वस्तू लहान दिसते, तेवढ्यासाठी २ एक्स झूम वापरला. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ३ मीटरवरून आडव्या फोटोत साधारण ४ मीटर रुंदी मावते, २ एक्सला २ मीटर. हे गणित लक्षात असलं की कुठे उभं राहायचं ते आधीच कळतं. २ एक्सची वेगळी लेन्स नसेल तर फोन मधला भाग कापून मोठा करतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून ३ मेगापिक्सेल उरतात, जाहिरातीला तेवढे भरपूर. त्यापुढे झूम करू नये. आणि ०.५ एक्सची रुंद लेन्स फर्निचरसाठी नाहीच: ती खोली मोठी दाखवते, पण कडेला आलेली वस्तू ताणून ठेवते. फोटोतला दीड मीटरचा सोफा दोन मीटरचा वाटला तर घ्यायला येणाऱ्याची फेरी फुकट जाते.

दुसरी अडचण उंचीची. उभ्याने फोन खाली झुकवून फोटो काढला की खुर्ची खाली निमुळती होत जाते. उभ्या रेषा उभ्या राहायला फोन ओळंब्यात हवा, वर किंवा खाली जराही न कललेला. मग लेन्सची उंची वस्तूच्या मध्याला आणावी लागते: खुर्चीला आणि सोफ्याला ४५ ते ५० सेंटीमीटर, जेवणाच्या टेबलाला माथा थोडा दिसावा म्हणून ९० ते १००, दोन मीटरच्या कपाटाला बरोबर १ मीटर. ट्रायपॉडऐवजी स्टुलावर पुस्तकांची चळत रचली, वर एक जाड पुस्तक उभं केलं आणि फोन त्याला रबरबँडने बांधला, लेन्स कडेच्या बाहेर राहील असा. ३ सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा फोटोत येत नाही. फोन सरळ आहे का ते बघायला सोपी खूण दाराच्या चौकटीची: ग्रिडची उभी रेघ आणि चौकट समांतर दिसली की झालं.

एक क्रम ठरवून घेतला आणि तो प्रत्येक वस्तूला पाळला: समोरून, साधारण ४० अंशांच्या कोनातून, बाजूने, मागून, मग जवळून सांधे, मग दोष, मग मोजपट्टी लावून. क्रम नसला की सहाव्या वस्तूपर्यंत मागची बाजू राहून गेलेली असते आणि प्रकाश गेलेला असतो.

सोफ्यापाशी एक्सपोजरचा, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचा, प्रश्न आला. समोर जे असेल ते मध्यम उजळ करायचं, एवढंच फोनला माहीत. चौकटभर गडद निळा सोफा आला की तो फोटो उजळ करतो, निळा फिका पडतो आणि भिंत पांढरीफटक होते. पांढऱ्या कपाटाला उलट: ते राखाडी, मळकं दिसतं. म्हणून वस्तूवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक केलं, मग सोफ्यासाठी उजेडाची पट्टी खाली, साधारण उणे ०.७, आणि पांढऱ्या कपाटासाठी वर, अधिक ०.५ च्या आसपास. प्रत्येक वस्तूचा एक फोटो कोरा पांढरा कागद शेजारी ठेवून काढला. तो जाहिरातीसाठी नाही, नंतर रंग जुळवायला.

वेताच्या खुर्चीवर दोन गोष्टी लक्षात आल्या. पोर्ट्रेट मोडमध्ये (मागचं सगळं धूसर करणारा मोड) विणीच्या भोकांतून दिसणारी भिंत कुठे धूसर, कुठे स्पष्ट येत होती, कारण कुठली जागा वस्तूची आणि कुठली मागची हे फोनला विणीत ओळखता येत नाही. मोड बंद केला. आणि लांबून काढलेल्या फोटोत बैठकीवर पाण्यासारख्या लाटा दिसत होत्या. बारीक वीण आणि सेन्सरचे ठिपके एकमेकांशी अडखळले की असं होतं. अर्धं पाऊल पुढे सरकलं आणि लाटा गेल्या.

साडेबाराला बाहेरच्या खोलीतला उजेड बदलला. समोरच्या भिंतीवरून ऊन परतून आत येऊ लागलं आणि सगळ्यावर पिवळी झाक चढली. तिथेच थांबलो. साडेतीन तासांत टेबल-खुर्च्या, वेताची खुर्ची, सोफा आणि पांढरं कपाट झालं. अर्धवट राहिलेलं लिहायचं टेबल सोमवारवर टाकलं, कारण एकाच वस्तूचे फोटो दोन वेगळ्या उजेडांतले असले तर बघणाऱ्याला लाकूड दोन रंगांचं वाटतं.

रविवार दुपार, निजायची खोली. बेड लवकर झाला: फिकी, इस्त्री केलेली चादर, पायथ्याकडून एक, कोपऱ्यातून एक, आणि गादी उचलून खालच्या फळ्यांचा एक. हा शेवटचा फोटो घेणाऱ्याला सर्वांत जास्त हवा असतो.

वॉर्डरोबने मात्र दोन तास घेतले. दोन दारांपैकी एकावर पूर्ण उंचीचा आरसा, आणि समोर जागा जेमतेम २ मीटर. आरशासमोर उभं राहिलं की फोटोत आपणच. यावर उपाय भूमितीचा आहे. आरशात आपण तेव्हाच दिसतो जेव्हा आपल्यापासून आरशाच्या सपाटीवर टाकलेला लंब आरशावर पडतो. म्हणून फोन लाकडी दारासमोर ठेवला, वॉर्डरोबला समांतर, आणि टायमर लावून त्याच बाजूला आणखी सरकून उभं राहिलो. आरशात फक्त बाजूची भिंत आली. तिथे लटकणारे कपडे होते, म्हणून त्यावर पांढरी चादर ताणली. वॉर्डरोब फोटोत एका कडेला आला, पण १ एक्सला बाजूला जागा भरपूर होती, ती नंतर कापली. या फोटोंत चारही बाजूंना दहावा हिस्सा मोकळा सोडावा, कारण उभ्या रेषा नंतर सरळ करताना कडा कापल्या जातात.

टीपॉयच्या काचेत खिडकी पूर्ण उतरत होती. लेन्ससमोर पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या, गॉगलची काच धरली आणि हळूहळू फिरवली. एका ठिकाणी प्रतिबिंब विरलं आणि खालची लाकडी फळी दिसली. हे सरळ वरून बघताना होत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन असेल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त. धातूच्या पायांवरची चकाकी यामुळे कमी होत नाही. गॉगलच्या काचेचा रंगही फोटोत येतो, म्हणून असा एकच फोटो ठेवला, तोही कागदावरून रंग जुळवून.

सोमवारी आधी लिहायचं टेबल, मग चार खणांचं कपाट आणि सगळ्या वस्तूंचे दोष. कपाटाच्या तिसऱ्या खणाची कड जवळून दाखवायची होती. खणाच्या दर्शनी फळीवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, आणि उजव्या कोपऱ्यात त्याची बोटभर पट्टी सुटलेली. समोरच्या प्रकाशात तिथे नुसता फिकट डाग दिसत होता. पडदा ओढून, दुसऱ्या फोनचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून बाजूने मारला, तेव्हा सुटलेल्या पापुद्र्याची सावली पडली, खालचा भुसा दाबून केलेला बोर्ड दिसला आणि वाळलेल्या डिंकाच्या पिवळ्या रेघाही दिसल्या. ओरखडे, फुगवटे, टवके नेहमी असेच बाजूच्या प्रकाशात काढावेत. जवळ जाताना १० सेंटीमीटरवर नेऊ नये, काही फोन तिथे आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात आणि कडा वाकतात. ३० सेंटीमीटरवर राहून २ एक्स केलं की वीण, दाणा, टवका सगळं स्पष्ट येतं. शेजारी मोजपट्टी ठेवली: पट्टी ६ सेंटीमीटर सुटली होती.

सोमवारी रात्री निवड आणि दुरुस्ती. एकूण २१२ फोटो, त्यातले ६१ ठेवले. दुरुस्तीचा क्रम असा: आधी सरळ करणं आणि कापणं, मग उभ्या रेषा, मग कागदाच्या फोटोवरून रंग, मग उजेड, शेवटी सावल्या थोड्या वर. रंग गडद करणारी पट्टी एकदाही हलवली नाही. फोनचा रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारी चमक बंद करूनच हे करावं, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात फोन त्या वस्तूशेजारी धरून पडताळावं. सोफा असाच पडताळला तेव्हा तो फोटोत काळपट दिसत होता, उणे ०.७ अंमळ जास्त झालं होतं, ते अर्धं परत घेतलं.

मंगळवार फॉर्मचा. पहिले चार फोटो चढलेच नाहीत, नुसतंच ‘फाइल अमान्य’ असं येत होतं. फोन एचईआयसी प्रकारात साठवत होता आणि फॉर्मला जेपेग हवं होतं. सेटिंगमध्ये प्रकार बदलला, जुने फोटो जेपेगमध्ये बदलून घेतले. यात ४० मिनिटं गेली. ती वाचवायची तर पहिल्याच दिवशी एक फोटो फॉर्मवर चढवून बघावा. फाइलची मर्यादा ५ एमबी होती, म्हणून लांब बाजू २००० पिक्सेलवर आणली. फोटो संगणकावर नेताना मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. पहिला फोटो यादीत चौकोनी दिसतो आणि सोफ्याचे दोन्ही हात त्यात कापले जात होते. शनिवारी सोफ्याच्या फोटोतही कडेला मोकळी जागा सोडली होती, ती इथे कामाला आली. एका फोटोवर मापं लिहिली होती, तो परत आला, कारण फोटोवर अक्षरं चालत नाहीत. त्याच्या जागी मोजपट्टीचा फोटो टाकला आणि मापं रकान्यात लिहिली, लांबी, खोली, उंची या क्रमाने आणि सेंटीमीटरमध्ये. वॉर्डरोबच्या दारांची उघडल्यावरची मापंही दिली.

साडेतीनला नववी जाहिरात लागली. संध्याकाळी पहिली विचारणा आली ती खणांच्या कपाटाची. किमतीबद्दल नाही, तर सुटलेल्या पापुद्र्याची पट्टी जपून ठेवली आहे का, एवढंच विचारलं होतं. पट्टी त्याच खणात होती. खिडकीत अजून उजेड होता, मोजपट्टीशेजारी ठेवून तिचाही फोटो काढला आणि पाठवला.